सोडली की सुटली? खाशाबांच्या पदकातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

गेल्या दिवाळीत गावी, म्हणजे चिमूरला गेले होते. तिथे पेटची तयारी करणारा एक विद्यार्थी वही घेऊन भेटायला आला. वहीच्या पहिल्या पानावर त्याने विषय लिहून ठेवला होता : 'कुस्ती व बॉक्सिंग खेळाडूंची जिद्द आणि त्यांचे यश : एक अभ्यास'. "ताई, विषय कसा आहे?" असं त्याने विचारलं आणि मला हसू आलं. हसू त्याचं नाही, माझंच. कारण तीन वर्षांपूर्वी मी जो पहिला सिनॉप्सिस घेऊन समितीसमोर गेले होते, तो जवळपास हाच होता. आणि तो परत आला होता.

त्या दिवशी समितीतल्या एका सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही यशस्वी पैलवानांना भेटणार, त्यांची जिद्द मोजणार, ती जास्त आहे म्हणणार. ठीक. पण जे यशस्वी झाले नाहीत, त्यांच्यात जिद्द नव्हती हे तुम्हाला कसं कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसने परत येताना राग आला होता, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे. तुम्ही कोणत्याही विषयात संशोधन करणार असाल, तरी तो तुमच्या कामाला येईल.

उदाहरण म्हणून आपण महाराष्ट्राला तोंडपाठ असलेली एक गोष्ट घेऊ. खाशाबा जाधवांची.

आधी गोष्ट, जशी घडली तशी

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म 15 जानेवारी 1926, सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळचं गोळेश्वर. वडील पैलवान. शिक्षण कराडला, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता.

सहावा क्रमांक आजही लहान वाटत नाही. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. खाशाबा मातीत घडलेले पैलवान. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती हे जवळपास दोन वेगळे खेळ आहेत. मातीत पाय रुततो, पकड वेगळी लागते, आणि समोरच्याला चीतपट केलं की निकाल लागतो. गादीवर पाय वेगळा सरकतो, वेळ ठरलेली असते आणि चीतपट झालं नाही तर पंच निकाल देतात. हे नियम अंगवळणी पडायच्या आत त्यांना जगातल्या पैलवानांसमोर उभं राहावं लागलं.

चार वर्षांनी, 1952 मध्ये, हेलसिंकी. यावेळी वजनी गट वरचा, बँटमवेट. पुन्हा पैशांचा प्रश्न. गावोगावी वर्गणी गोळा झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव यांच्याकडून ते हरले. इशींना सुवर्ण, मामेदबेकोवना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, लिअँडर पेसचं.

शेवटच्या टप्प्याबद्दल एक हकिकत नेहमी सांगितली जाते. इशींशी दमवणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला भारताचा कोणीही अधिकारी तिथे हजर नव्हता.

परतल्यावर कराड स्टेशनपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. 1955 मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, दीड दशकाहून जास्त काळ लोटल्यावर.

आता हीच गोष्ट संशोधकाच्या नजरेने

ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो तेव्हा तिचं तात्पर्य एका ओळीत येतं : जिद्द होती म्हणून पदक मिळालं. भाषणासाठी हे ठीक आहे. संशोधनासाठी नाही. का, ते पाहू.

एक साधा खेळ खेळा. खाशाबांचं मन जसंच्या तसं ठेवा आणि बाहेरची एकेक गोष्ट बदला.

प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं नसतं तर? जिद्द तेवढीच, पण हेलसिंकीला जाणंच कठीण होतं. म्हणजे कदाचित पदक शून्य. विश्रांतीचा अर्धा तास मिळाला असता तर? जिद्द तेवढीच, पदकाचा रंग कदाचित वेगळा. 1948 चा अनुभव नसता, हेलसिंकीलाच पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या गादीवर उतरले असते तर? जिद्द तेवढीच, निकाल पुन्हा वेगळा असू शकला असता.

एकच मन, आणि तीन-चार वेगवेगळे निकाल शक्य. याचा अर्थ जिद्दीला काहीच किंमत नाही असा नाही. 1948 नंतर खाशाबा थांबले असते, तर प्राचार्यांनी कितीही घरं गहाण ठेवून उपयोग नव्हता. जिद्द आवश्यक असेल, पण पुरेशी नाही. 'आवश्यक' आणि 'पुरेसं' यातला फरक आपण गणितात शिकतो आणि सिनॉप्सिस लिहिताना विसरतो.

दुसरी गोष्ट. 1948 आणि 1952 च्या मधल्या काळात त्यांच्या मनात नेमकं काय चाललं होतं, हे आपल्याला दिसत नाही. दिसते ती कृती. सहावा क्रमांक आला, त्यानंतर तयारी सुरू राहिली, वजनी गट बदलला आणि ते पुन्हा गेले. मानसशास्त्रात बर्नार्ड वाइनर यांची कारणमीमांसेची मांडणी इथे उपयोगी पडते. हरल्यावर माणूस स्वतःला काय कारण सांगतो? ते कारण आतलं की बाहेरचं, कायमचं की बदलणारं, हातातलं की हाताबाहेरचं? 'गादीची सवय नव्हती' हे बदलता येणारं कारण आहे. 'आपली कुवतच नाही' हे कायमचं. पहिलं कारण माणसाला सरावाकडे नेतं, दुसरं घराकडे.

आता बघा, 'जिद्द' या ढोबळ शब्दाच्या जागी आपल्याला विचारता येईल असा प्रश्न मिळाला : हरल्यानंतर खेळाडू कोणतं कारण देतो, आणि त्याचा पुढच्या सरावाशी काही संबंध आहे का? हा प्रश्न मोजता येतो. 'जिद्द आणि यश' मोजता येत नाही.

जिद्द मोजणाऱ्यांना काय सापडलं?

मोजायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. 2007 मध्ये अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 'ग्रिट' ही कल्पना मांडली. दूरच्या ध्येयासाठी चिकाटी आणि टिकून राहणारी आवड, असा तिचा अर्थ. प्रश्नावली तयार केली. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत पहिल्या उन्हाळ्याचं खडतर प्रशिक्षण कोण पूर्ण करेल, याचा अंदाज या प्रश्नावलीने अकादमीच्या नेहमीच्या गुणांकनापेक्षा चांगला बांधला. कल्पना जगभर पसरली. आपल्याकडच्या मोटिव्हेशनल व्हिडिओंमध्येही ती ऐकू येते.

पुढचा भाग मात्र व्हिडिओत नसतो. 2017 मध्ये मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी 88 नमुन्यांची, सुमारे 67 हजार लोकांची माहिती एकत्र तपासली. ग्रिट आणि कामगिरी यांचा सहसंबंध 0.18 निघाला. त्याचा वर्ग करा. साधारण 0.03. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला तीन टक्क्यांच्या आसपासचा भाग ग्रिटशी जुळतो. शिवाय ग्रिट आणि 'काटेकोरपणा' हा जुना, माहीत असलेला स्वभावगुण यांच्यात सहसंबंध सापडला 0.84. नवीन बाटलीत बरीचशी जुनीच दारू.

सरावाचंही तसंच. ब्रुक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये खेळाडूंवरचे अभ्यास एकत्र केले. सरावाच्या तासांतल्या फरकाशी कामगिरीतल्या फरकाचा सुमारे 18 टक्के भाग जुळत होता. पण फक्त वरच्या दर्जाचे खेळाडू घेतले की हा आकडा एक टक्क्यावर आला. मग वरच्या पातळीवर सराव निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. घाई करू नका. तिथे सगळेच भरपूर सराव करून आलेले असतात. जिथे सगळ्यांकडे एक गोष्ट जवळपास सारखी आहे, तिथे ती गोष्ट फरक समजावू शकत नाही. लेखी परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्यांच्याच हातात पेन असतं, म्हणून पेनामुळे कोणी पास झालं असं आपण म्हणत नाही. पण पेन काढून घेऊन पाहा! याला पल्ला आकुंचन पावणं म्हणतात. फक्त पदकविजेते निवडले की तुमच्या अभ्यासात नेमकं हेच होतं.

लाल आणि निळा

लढतीच्या खेळांनी संशोधनाला दिलेलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आता सांगते.

ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग, तायक्वांदो, कुस्ती या खेळांत एकाला लाल आणि दुसऱ्याला निळा रंग मिळतो. कोणाला कोणता, हे खेळाडू ठरवत नाही. म्हणजे निसर्गतः घडलेला प्रयोगच. रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या लढती तपासल्या. लाल कपड्यातला खेळाडू सुमारे 55 टक्के वेळा जिंकला होता. 2005 मध्ये हे 'नेचर'मध्ये आलं. लगेच स्पष्टीकरणं आली : लाल रंगाने खेळाडूचं मन चेततं, समोरचा दबतो.

2008 मध्ये नॉर्बर्ट हागेमान आणि सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. हे खेळाडूच्या मनात घडतंय की पंचांच्या डोळ्यात? त्यांनी तायक्वांदोच्या लढतींचे व्हिडिओ घेतले, संगणकावर रंगांची अदलाबदल केली आणि अनुभवी पंचांना गुण द्यायला सांगितले. लढत तीच, लाथ तीच, फक्त रंग बदललेला. लाल रंगाला जास्त गुण मिळाले. जे 'खेळाडूची मानसिकता' वाटत होतं, त्याचा काही भाग तरी खेळाडूच्या बाहेर होता.

गोष्ट इथेही संपत नाही. पुढे 1996 ते 2020 या काळातल्या सात ऑलिम्पिक आणि नऊ जागतिक बॉक्सिंग स्पर्धांमधल्या साडेसहा हजारांवर लढती एकत्र तपासल्या गेल्या. लाल जिंकल्याचं प्रमाण 50.5 टक्के. जवळपास छापा-काटा.

यातून तीन धडे घ्या. एका स्पर्धेच्या आकड्यावर सिद्धान्त उभारू नका. कारण माणसाच्या आत शोधण्याआधी बाहेर पाहा. आणि तुमचा निष्कर्ष उद्या कोणी मोठ्या माहितीवर तपासणार आहे, हे गृहीत धरूनच लिहा.

चिमूरमध्ये हाच अभ्यास करायचा तर

आता आपल्या विद्यार्थ्याच्या वहीकडे येऊ. त्याने एक परदेशी प्रश्नावली मराठीत करून ठेवली होती. त्यातलं एक विधान साधारण असं : 'मी हाती घेतलेलं काम मध्येच सोडत नाही.' दुसरं : 'मी रोज नियमित सराव करतो.'

मी त्याला म्हटलं, आपल्या तालुक्यातला पंधरा वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आण. पावसाळ्यात धानाचा रोवणा आला की तो पंधरा-वीस दिवस बांधीत असतो. उन्हाळ्यात मोह वेचायचा असतो, मग तेंदूपत्ता. त्यातून घरात रोख पैसा येतो. या दिवसांत तो तालमीत येत नाही. तुझ्या प्रश्नावलीत त्याचे गुण कमी येतील. तू लिहिशील : सातत्य कमी. पण पहाटे चारला उठून पानं तोडणाऱ्या पोरात सातत्य कमी आहे, हे तुला पटतं का?

किंवा एखादी बॉक्सिंग करणारी मुलगी घे. ताडोबाच्या बाजूच्या गावातली, कोलाऱ्याकडची म्हण. प्रशिक्षक सांगतो, पहाटे पाचला रस्त्यावर पाच किलोमीटर धावायचं. आई नाही म्हणते, कारण वाघ. मुलगी उजाडल्यावर अंगणात दोरीवरच्या उड्या मारते. प्रशिक्षकाच्या नोंदीत 'शिस्त नाही' असं येतं. तो खोटं लिहीत नाही. त्याची मोजपट्टी दुसरीकडची आहे, एवढंच.

याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. तुमचं साधन जे मोजतंय असं तुम्हाला वाटतं, तेच ते मोजतंय का? की ते जिद्दीच्या नावाखाली घरची परिस्थिती मोजतंय? प्रश्नावलीचं भाषांतर करून, उलट भाषांतर तपासून भागत नाही. आधी दहा-पंधरा खेळाडूंशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बसून बोला. कोणत्या महिन्यात कोण येत नाही आणि का, याचं कॅलेंडर तयार करा. मग साधन ठरवा. आणि मुलं अठराच्या आतली असतील, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. नीतिसमितीची परवानगी आधी, माहिती गोळा करणं नंतर.

मग रचना कशी? विजेत्यांपासून मागे जाऊ नका. सुरुवातीपासून पुढे जा. एका वर्षी तालमीत, बॉक्सिंगच्या वर्गात किंवा तायक्वांदोच्या क्लासला जी मुलं दाखल झाली, त्या सगळ्यांची यादी करा. तीन वर्षं त्यांच्या मागे राहा. जे टिकले त्यांच्याही, जे गळले त्यांच्याही. गळलेल्यांना शोधणं फार त्रासाचं असतं. फोन बदललेले असतात, कोणी नागपूरला कामाला गेलेलं असतं. पण समितीतल्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेच आहे. त्यांना वगळलं की जो दोष अभ्यासात शिरतो, त्याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. टिकलेल्यांकडे बघून सगळ्यांबद्दल बोलणं.

एक शब्द

माझा सिनॉप्सिस दुसऱ्यांदा मंजूर झाला तो एका माणसामुळे. माझा मावसभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आसपासच्या गावांतल्या दंगलींत तो कुस्त्या खेळायचा, नारळ आणि शंभराच्या नोटा जिंकून आणायचा. सतराव्या वर्षी गुडघा गेला. त्याच वर्षी मावसा आजारी पडले. त्याने कुस्ती थांबवली आणि ट्रॅक्टरवर बसला. घरात आजही कोणीतरी म्हणतं, "अंगात दम होता, पण जिद्द नव्हती पोरात."

सिनॉप्सिस परत आल्यावर मी त्याला सहज विचारलं, "दादा, कुस्ती का सोडली?"

तो म्हणाला, "म्या सोडली नाही वं. सुटली."

मी आधी जी प्रश्नावली बनवली होती, तिच्यात एकच खण होता : 'खेळ सोडला : होय / नाही'. दादासारखी सगळी मुलं 'होय'मध्ये गेली असती आणि मी त्यांच्या नावापुढे जिद्दीचा अभाव मांडला असता. आता तिथे दोन खण आहेत. सोडला आणि सुटला. सुटला असेल तर कशामुळे : दुखापत, पैसा, घरचं काम, प्रवास, लग्न, प्रशिक्षक गेला, आणखी काही. मराठी व्याकरणाने जो फरक आधीच करून ठेवला होता, तो माझ्या साधनात यायला एक नापास सिनॉप्सिस लागला.

खाशाबांची कुस्ती 1952 च्या आधी कधीही सुटू शकली असती. ती सुटू नये म्हणून एका प्राचार्याने घर गहाण टाकलं, लोकांनी वर्गणी दिली. याने खाशाबांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट नेमकं दिसतं.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी वहीत एवढं उतरवून घ्या :

1. मी जो शब्द वापरतोय (जिद्द, गुणवत्ता, यश, मागासलेपण, काहीही), तो दिसणाऱ्या कोणत्या कृतीत मोजणार?
2. माझ्या नमुन्यात कोण येऊच शकत नाही? त्यांना आणायचं कसं?
3. हेच निरीक्षण माणसाच्या बाहेरच्या कोणत्या कारणाने समजावता येईल?
4. कोणता निकाल आला तर मी म्हणेन की माझं म्हणणं चुकलं?

चौथ्याचं उत्तर लिहिता आलं नाही, तर विषय अजून तयार नाही असं समजा. वाईट वाटून घेऊ नका, पुन्हा लिहा.

त्या विद्यार्थ्याने वहीतला 'यश' शब्द खोडला आणि बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग म्हणाला, "ताई, आमच्या क्लासमध्ये अकरा जण होते. आता तिघं आहोत. बाकीच्या आठ जणांपासून सुरुवात करू का?"

करा. तुम्हीही.